सीमेवरचा दवाखाना आणि आपला विहार

वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी ग्रंथवाचन असते. एका रविवारी वाचनात आजारी भिक्खूचा प्रसंग आला. बहुतेक वाचकांना तो ठाऊक असेल. एका भिक्खूला अतिसार झालेला असतो. तो आपल्याच घाणीत पडून असतो. आनंदाला बरोबर घेऊन फिरत असताना तथागतांच्या दृष्टीस तो पडतो. तुझ्याजवळ कोणी नाही का, असे ते विचारतात. तो सांगतो की, मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून माझ्याकडे कोणी बघत नाही. तथागत आनंदाला पाणी आणावयास सांगतात. एकाने पाणी ओतायचे, दुसऱ्याने अंग धुवायचे, अशी दोघे त्याला आंघोळ घालतात आणि उचलून बिछान्यावर निजवतात. मग भिक्खुसंघाला बोलावून समज देतात. येथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे त्यांचे सांगणे होते.

वाचन संपले. वंदना झाली. मग नेहमीप्रमाणे कमिटीची बैठक बसली. विषय होता विहाराच्या फरशीचा. काहींचे म्हणणे कोटा फरशी बसवावी, काहींचे म्हणणे एकदाच खर्च होतो तर ग्रॅनाइटच बसवावे. तासभर वाद झाला. तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजीने विचारले, “पण बाबांनो, आपण आजवर कोणाला आंघोळ घातली?” सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते हसू आम्हाला बोचू लागले.

कारण आमच्या ओळीतील एक मावशी वर्षभरापूर्वी क्षयाने गेल्या. धुण्याभांड्याची कामे करीत. औषध सहा महिन्यांचे होते, त्यांनी ते तिसऱ्या महिन्यातच सोडले. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होत्या. पण त्या आणायला गेले की कामावर खाडा पडे, आणि खाड्यापायी दोन घरची कामे सुटली होती. हे आम्हाला कधी कळले? त्या गेल्यावर. आम्ही पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हजर राहिलो, चार शब्द बोललो आणि जेवून घरी आलो. आमच्या विहारात जयंतीच्या वर्गणीची वही आहे, बांधकामाची वही आहे, भांड्यांची वही आहे. वस्तीत कोण आजारी आहे याची वही नव्हती. जमाखर्चाच्या वह्या ठेवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्यासारख्यांना ही एक वही सुचू नये, याची आम्हाला लाज वाटली.

म्हणून या वेळी आम्ही वाचकांना एका दवाखान्याची हकिकत सांगणार आहोत. हा दवाखाना आपल्या देशातला नाही. ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, आणि थायलंड यांच्या सीमेवर मे सॉट नावाचे गाव आहे, तेथला आहे. मे ताव क्लिनिक हे त्याचे नाव. त्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांच्याकडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले, ते महास्थवीर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशाच्या आराकान प्रांतातले. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्या देशाकडे आपण नेहमी बौद्ध राष्ट्र म्हणून आदराने पाहत आलो. तेव्हा तेथे काय घडले, हे पाहणेही आपल्याला चुकवता येणार नाही.

ब्रह्मदेश १९४८ साली स्वतंत्र झाला आणि १९४९ पासूनच पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखातील कारेन लोकांचा सरकारशी सशस्त्र झगडा सुरू झाला. कारेन लोकांत बौद्धही आहेत आणि ख्रिस्तीही. १९६२ साली लष्कराने देशाची सत्ताच ताब्यात घेतली. बंडखोरांना धान्य, पैसा, बातमी आणि माणसे मिळू द्यायची नाहीत, हे लष्कराचे धोरण. कागदावर हे चार शब्द आहेत. गावात त्यांचा अर्थ असा झाला की भाताची कोठारे जाळायची, गाव उठवायचे, वाटेत सुरुंग पेरायचे आणि गावकऱ्यांना धरून दारूगोळ्याची ओझी वाहायला लावायचे. वेठबिगार म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ती वेठ बौद्ध म्हणवणाऱ्या सैन्याने बौद्ध गावकऱ्यांकडूनही घेतली.

१९८८ साली सारा देशच उठला. ८ ऑगस्टला विद्यार्थी, कामगार, भिक्खू, नोकरदार रस्त्यावर आले. सैन्याने गोळीबार केला. १८ सप्टेंबरला लष्कराने पुन्हा उघडपणे सत्ता घेतली आणि धरपकड सुरू झाली. त्या वेळी कारेन प्रांतातील आइंदू या खेड्यात सिंथिया मौंग नावाची एक तरुण कारेन डॉक्टर काम करीत होती. धर्माने ख्रिस्ती, वय २८. चळवळीत तिचा भाग होता. २१ सप्टेंबरला ती चौदा सहकाऱ्यांसह निघाली. सैन्याची नजर चुकवीत जंगलातून दिवसचे दिवस चालून ती थायलंडच्या हद्दीत पोचली. जवळ थोडी औषधे होती. वाटेत लागलेल्या गावांतील आजारी माणसांवर त्यातूनच उपचार केले.

सीमेवर हजारो विद्यार्थी जंगल तुडवून आलेले होते. शहरातली मुले ती, डोंगरातल्या मलेरियाने तापून पडत होती. डॉक्टर सिंथिया आधी निर्वासितांच्या वस्त्यांतून काम करू लागल्या आणि १९८९ च्या फेब्रुवारीत मे सॉट गावाबाहेर एका पडक्या लाकडी घरात त्यांनी दवाखाना मांडला. खाली मातीची जमीन. अवजारे निर्जंतुक करायचे यंत्र नव्हते, म्हणून भात शिजवायच्या कुकरात चिमटे-कात्र्या उकळून घेत. औषधे मदतसंस्थांकडून मागून आणायची. सगळ्यांचा समज असा की, थोड्याच महिन्यांत देशात बदल होईल आणि आपण घरी जाऊ.

ते थोडे महिने संपलेच नाहीत. आज त्या गोष्टीला पस्तीसहून अधिक वर्षे झाली.

आता हा दवाखाना वाढला कसा, हे आमच्या महिला मंडळांनी आणि तरुण मंडळांनी नीट पाहावे. त्याची वाढ आधी नकाशा काढून झालेली नाही. दारात माणूस येत गेला, त्याची गरज पाहून एकेक खोली वाढत गेली.

पहिल्यांदा आले विद्यार्थी. मग येऊ लागले मजूर. मे सॉटच्या आसपास कपड्यांचे कारखाने आहेत, शेते आहेत. तेथे ब्रह्मदेशातून आलेली माणसे राबतात. अनेकांजवळ कागद नाही. कागद नाही म्हणून सरकारी दवाखान्यात जायची भीती, आणि वाटेत पोलिसाने धरले तर परत सीमेपलीकडे. अशा माणसाला कागद न विचारता तपासणारी ही जागा. मग मोई नदी ओलांडून पलीकडच्या खेड्यांतली माणसेही येऊ लागली. पुढे पुढे वर्षाला लाखावर तपासण्या होऊ लागल्या.

मग आल्या बायका. कोणी अडलेली, कोणी गावठी उपायाने गर्भ पाडून रक्तस्रावाने निपचित झालेली. म्हणून बाळंतपणाचा विभाग झाला, कुटुंबनियोजनाचा सल्ला सुरू झाला. वर्षाला दोन हजारांहून अधिक बाळंतपणे तेथे होत गेली. ज्या शस्त्रक्रिया तेथे होण्यासारख्या नसत, ते रोगी मे सॉटच्या सरकारी इस्पितळात पाठवायचे आणि खर्चाची व्यवस्था दवाखान्याने करायची, अशी रीत बसली.

मग आले सुरुंगाने पाय गेलेले. कोणी सैनिक, पण कितीतरी साधे शेतकरी, सरपणाला गेलेली माणसे. त्यांच्यासाठी कृत्रिम पाय बनवण्याचे काम सुरू झाले. पाय बनवायला जे शिकले, त्यांतील काहींचा स्वतःचा पाय सुरुंगानेच गेलेला होता. आपले दुःख ज्याला कळले तोच दुसऱ्याच्या मापाचा पाय बनवायला बसला.

कामगारांची मुले सांभाळायची पंचाईत झाली, तेव्हा १९९५ साली बालवाडी निघाली. तिची पुढे शाळा झाली. डोळ्यांचा विभाग झाला, दातांचा झाला, प्रयोगशाळा झाली.

पण एवढे सगळे करायला डॉक्टर आणले कोठून? येथेच आम्हाला या दवाखान्याचे खरे वर्म दिसते. बाहेरदेशांतून डॉक्टर येत, काही महिने राहत, शिकवून जात. पण रोजचे काम पेलले ते आरोग्यसेवकांनी. गावातली, निर्वासित छावण्यांतली मुले-मुली निवडायची. त्यांना ताप ओळखायला, सलाईन लावायला, जखम शिवायला, बाळंतपण करायला शिकवायचे. शिकलेल्याने पुढच्याला शिकवायचे. त्यांतले कितीतरी जण परत आपल्या डोंगरात गेले. १९९८ साली पाठीवर पिशव्या बांधून हिंडणाऱ्या आरोग्यसेवकांचे एक पथक उभे राहिले. सैन्य जवळ आले की गाव जंगलात पळते; तेव्हा दवाखान्यानेही गावाबरोबर पळायचे, ही त्यामागची कल्पना. त्या सेवकांपैकी काही सुरुंगावर पाय पडून गेले, काही गोळीने गेले. तरी पिशव्या उचलणारे नवे हात येत राहिले.

या पथकांनी गावोगावच्या सुइणींनाही शिकवले. स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, धोक्याची लक्षणे एवढ्याने कितीतरी जीव वाचतात. हे वाचताना आम्हाला आमची पणजी आठवली. आपल्याकडे कितीतरी खेड्यांत सुईण आपल्याच आयाबायांतली असे. पाटलाच्या घरचे मूल तिने घ्यायचे, नाळ तिने कापायची आणि बाराव्या दिवशी तेच हात विटाळाचे ठरायचे. त्यांच्या हातातल्या ज्ञानाला कोणी मान दिला नाही, त्यात कोणी भरही घातली नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली, ती उगीच नव्हे. बाळंतपण हा त्यांच्या दृष्टीने घरातल्या कोपऱ्यातला विषय नव्हता.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटली. या दवाखान्यात मूल जन्मले की त्याच्या जन्माची नोंद होते आणि आईला दाखला मिळतो. वाचकांना वाटेल, यात विशेष काय? ज्याच्या आईबापांजवळ कोणत्याच देशाचा कागद नाही, त्या मुलाचा पहिला कागद तो. २००८ साली थायलंडने कायदा सुधारला आणि तेथे जन्मलेल्या कोणत्याही मुलाचा जन्म नोंदवण्याची वाट मोकळी झाली. पण त्या वाटेवर जायला आधी हातात दाखला हवा. कागदाची किंमत आपल्याला माहीत आहे. धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलतींसाठी १९५६ पासून १९९० पर्यंत आपल्याला थांबावे लागले, आणि नंतरही एकेका दाखल्यासाठी किती चपला झिजल्या, हे घरोघरी ठाऊक आहे. जो केसपेपर लिहितो, जो नोंदवही सांभाळतो, तोही रुग्णाची सेवाच करीत असतो, हे आमच्या कारकून बंधूंनी ध्यानात ठेवावे.

या कामाची जगाने दखल घेतली. २००२ साली डॉक्टर सिंथियांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१३ साली सिडनी शांतता पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराने औषधे येत नाहीत. २०११ नंतर ब्रह्मदेशात सुधारणांचे वारे वाहू लागले, तेव्हा देणगीदार सीमेवरून हात काढून देशाच्या आत वळले. सीमेवरचा रोगी मात्र तेथेच होता. दवाखान्याला ओढाताणीत दिवस काढावे लागले. तशातच जुन्या जागेतून नव्या इमारतींत जाणे झाले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, विमानांतून गावांवर बाँब पडू लागले आणि सीमेवर पुन्हा लोंढे आले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली, तेव्हा छावण्यांतील दवाखान्यांना कुलपे लागली आणि तेथले रोगी कोठे न्यायचे हा प्रश्न उभा राहिला. परक्याच्या देणगीवर उभ्या असलेल्या कामाला हा धोका असतोच. बाबासाहेबांनी आपल्याला स्वावलंबन का शिकवले, ते अशा वेळी कळते.

आता एक अवघड प्रश्न. ब्रह्मदेशात पॅगोडे सोन्याने मढवलेले आहेत. तेथील सेनापती विहारांत जाऊन दान देतात, त्याचे फोटो छापून येतात. त्याच सेनापतींनी २००७ साली महागाईविरुद्ध शांतपणे चालत निघालेल्या भिक्खूंवर लाठ्या-गोळ्या चालवल्या. भन्ते चंद्रमणींच्या त्याच आराकानातून २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमानांना घरदार सोडून बांगलादेशात पळावे लागले. आणि त्या वेळी द्वेष पसरवणाऱ्यांत काही चीवरधारीही होते. हे लिहिताना आम्हाला वेदना होतात. पण आपण हे झाकून ठेवू लागलो, तर दुसऱ्यांच्या धर्मातील अन्यायावर बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही. त्याच मुलखातली एक ख्रिस्ती डॉक्टर मात्र दारात आलेल्याचा धर्म आणि जात न विचारता त्याची जखम धूत राहिली. त्या आजारी भिक्खूला आज कोणाच्या दारी नेले असते तर त्याचे अंग धुतले गेले असते, हे वाचकांनीच ठरवावे. तथागतांनी सेवेची जी कसोटी सांगितली, तिच्यावर नाव आणि शिक्का तपासला जात नाही.

आम्ही काही कोठे हॉस्पिटल काढा असे सांगत नाही. आपल्याकडे सरकारी दवाखाने आहेत, औषधे आहेत. आपल्या माणसाला त्या दारापर्यंत सोबत नसते, एवढेच खरे दुखणे आहे. म्हणून आमच्या विहारात त्या आजीच्या आग्रहाने तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. एक, आजाऱ्यांची वही. कोण आजारी, कोणते औषध, पुढची तारीख कधी, एवढेच त्यात लिहायचे. क्षयासारखा आजार असेल तर ती पाने महिला मंडळाच्या दोघींखेरीज कोणी पाहायची नाहीत, कारण लोकलाजेनेच माणसे आजार लपवतात. दुसरी, सोबत. तारखेच्या दिवशी एकाने बरोबर जायचे, रांगेत उभे राहायचे, केसपेपर काढायचा. ज्याला जमत नाही त्याने त्या आजाऱ्याच्या एका दिवसाच्या खाड्याचे पैसे द्यायचे. तिसरी, शिकणे. वस्तीतील दोन मुली आणि एक मुलगा रक्तदाब मोजायला, ताप पाहायला, जखम बांधायला आरोग्यसेविका ताईंकडून शिकत आहेत.

सुरुवात लहान आहे. वहीत आज अकरा नावे आहेत. दोन वेळा सोबत जाणारा आलाच नाही आणि आजारी माणूस विहाराच्या पायरीवर वाट पाहत बसला, हेही आम्ही लपवीत नाही. दोन्ही खेपा त्याच वहीत नोंदल्या आहेत.

फरशीचा निर्णय कमिटीने पुढे ढकलला आहे. आमची सूचना एवढीच की, जी काही बसवायची ती पाय न घसरणारी बसवावी. आजारी माणसे येणार आहेत.

पहिले पान मात्र आम्ही कोरे सोडले होते. त्यावर त्या आजीने आमच्याकडून मावशींचे नाव लिहून घेतले. पुढच्या तारखेच्या रकान्यात काय लिहायचे, हे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, “काही लिहू नको. वही उघडली की दिसू दे.”

जयभीम!